दिवसभर बांधून ठेवलेला शेजारचा कुत्रा : लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबावे

पाळीव कुत्र्याच्या हेळसांडीची तक्रार आमच्या भागात दर काही महिन्यांनी नव्याने येते आणि तिचे स्वरूप बहुतेक वेळा एकच असते. बंगल्याच्या मागच्या बाजूला, पार्किंगच्या खांबाला, गच्चीवर किंवा मळ्यातल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी एक कुत्रा साखळीने बांधलेला असतो आणि घरातली माणसे मात्र त्याचे सगळे व्यवस्थित चालले असल्याचे सांगतात. ती खोटे बोलत नसतात. अशी प्रकरणे हाताळताना जाणूनबुजून छळ करणारे मालक मला फार थोडे भेटले. जास्त करून असे आढळते की ज्या माणसाने कुत्र्याचे रोजचे काम करायचे तो माणूस शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा वयोमानाने त्या कामातून बाहेर पडलेला असतो, त्याचे काम कोणाकडेही सोपवलेले नसते आणि घरातला प्रत्येक जण ते दुसरा कोणी करत असेल असे धरून चालतो. खालच्या सगळ्या तपासण्यांचा रोख म्हणूनच एका प्रश्नाकडे आहे : या कुत्र्याचे रोजचे काम आज नेमके कोणाच्या अंगावर आहे?

लक्षणे

पुढीलपैकी एखादेच लक्षण दिसल्यास घाईने निष्कर्ष काढू नये. दोन-तीन लक्षणे एकत्र आणि सलग दिसत असतील तर तपासणी सुरू करावी.

– पाण्याचे भांडे कोरडे आहे, पालथे पडलेले आहे, शेवाळलेले आहे किंवा साखळी पोहोचत नाही अशा जागी आहे.
– साखळीच्या टोकाएवढ्या अंतरावर जमीन गोलाकार झिजलेली आहे आणि खाणे, झोपणे व विष्ठा हे तिन्ही त्याच वर्तुळात आहे.
– फासळ्या, पाठीचे मणके आणि कमरेची हाडे लांबूनही स्पष्ट दिसतात. पिल्लाच्या बाबतीत अंग वाळलेले आणि पोट तेवढे फुगलेले असते, ते बहुधा जंतांमुळे.
– केसांच्या जटा झाल्या आहेत, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत, कोपरांवर टक्कल पडून घट्टे आले आहेत, नखे वाढून वळली आहेत.
– कुत्रा एकाच जागी गोल फिरत राहतो, स्वतःच्या शेपटीचा पाठलाग करतो किंवा पुढचा पंजा जखम होईपर्यंत चाटत राहतो.
– माणूस समोर आला तरी तो भुंकत नाही आणि उठतही नाही.

शेवटचे लक्षण मी सर्वांत गंभीर मानतो. भुंकणाऱ्या कुत्र्याची तक्रार झोपमोड झालेला कोणीही शेजारी करतो. गप्प झालेल्या कुत्र्याचा त्रास कोणालाच होत नाही, त्यामुळे तो उशिरा लक्षात येतो आणि तोपर्यंत प्रकरण पशुवैद्यकाकडे नेण्याइतके पुढे गेलेले असते.

तपासणी पहिली : वेळ बदलून पाहणे

यासाठी खर्च शून्य आहे, म्हणून ही पहिली. आपण कामावर जाताना आणि येताना जे दिसते ते कुत्र्याच्या दिवसाचे दोन क्षण असतात. भल्या पहाटे, भर दुपारी आणि रात्री जेवणानंतर अशा वेगवेगळ्या वेळी, त्यातही एखादा रविवार धरून, आठवडाभर लक्ष ठेवावे. पाळीत काम करणारे मालक पहाटे पाचला कुत्र्याला लांब फिरवून आणतात आणि मग तो दुपारभर सावलीत झोपतो. अशा कुत्र्याला दुपारी बांधलेले पाहून तक्रार करणारे लोक मी पाहिले आहेत. तारीख, वेळ, भांड्यात पाणी होते की नव्हते आणि ऊन कुठे होते, एवढे वहीत लिहून ठेवावे. छायाचित्र काढायचे असल्यास रस्त्यावरून किंवा स्वतःच्या घरातून काढावे. पुढे कधी लेखी अर्ज करण्याची वेळ आली तर हीच वही उपयोगी पडते, आणि ती नसली तर 'तुम्ही कधी पाहिलंत?' या पहिल्याच प्रश्नावर अर्ज कोसळतो.

याच टप्प्यावर खोट्या लक्षणांची शक्यता वगळावी. सोलापूर, लातूर भागातले कारवानी जातीचे शिकारी कुत्रे मुळातच सडपातळ असतात. त्यांच्या शेवटच्या काही फासळ्या आणि कमरेची हाडे दिसणे हे उपासमारीचे चिन्ह नव्हे. म्हातारा कुत्रा मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा गाठीच्या आजारानेही झडतो, मग घरच्यांनी कितीही खाऊ घातले तरी. खरजेवर उपचार चालू असलेला कुत्रा कित्येक आठवडे भयानक दिसतो, आणि त्याच्या मालकाला 'लाज वाटत नाही का' असे विचारणे हा त्या मालकावर अन्याय असतो.

तपासणी दुसरी : पाणी आणि सावली

कुत्र्याला रोज साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. २५ किलोच्या लॅब्रॅडॉरला म्हणजे सव्वा ते दीड लिटर, आणि कोरडे खाद्य किंवा उन्हाळा असेल तर त्याहून जास्त. पाण्याचा प्रश्न केवळ तहानेचा नसतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडाफार येतो तेवढाच. तो अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो आणि प्रत्येक धापेबरोबर पाणी गमावतो. भांडे कोरडे पडले की त्याची शरीर थंड ठेवण्याची यंत्रणाच थांबते. नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात गच्चीवर बांधलेला हस्की किंवा सेंट बर्नार्ड, तसेच कोठेही बांधलेला पग किंवा बुलडॉग यांच्यासारखा आखूड नाकाचा कुत्रा, म्हणूनच इतरांच्या आधी कोसळतो.

सावली सकाळी पाहून समाधान मानू नये. सकाळी आठला सावलीत असलेला कोपरा दुपारी तीनला उन्हात जातो आणि साखळी मात्र तिथेच राहते. पत्र्याच्या छपराखाली सावली असते, पण गारवा नसतो. फरशी किती तापली आहे हे कळण्यासाठी तिच्यावर तळहाताची मागची बाजू टेकवून पाहावी. पाच-सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याच्या पंजांनाही ती सोसत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. ओल्या फरशीवर सतत बसल्याने कातडीला बुरशी धरते, आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होण्याची भीती असते. हा आजार कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो.

येथील दुरुस्ती स्वस्त आहे. हलके स्टीलचे किंवा प्लॅस्टिकचे भांडे साखळी अडकून पालथे होते, म्हणून जड दगडी किंवा सिमेंटची पसरट कुंडी ठेवावी, ती दोन वेळा भरावी आणि एक दिवसाआड घासावी. झोपण्यासाठी जमिनीपासून चार बोटे उंच लाकडी फळी पुरते. शेजारी म्हणून आपण कुंडी भेट दिली तर सहसा कोणी नाकारत नाही, आणि त्या निमित्ताने घरात बोलणे सुरू होते.

तपासणी तिसरी : पट्टा आणि साखळी

पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज जायला हवीत. पिल्लू दोन महिन्यांचे असताना घातलेला पट्टा किंवा नायलॉनची दोरी सहा महिन्यांनंतरही तशीच राहिली तर ती मानेच्या कातडीत रुतते. वरून केस असल्याने दिसत काही नाही. मानेभोवती ओल, दुर्गंधी आणि घोंघावणाऱ्या माश्या हीच खूण असते. माश्यांनी अंडी घातली की जखमेत अळ्या पडतात. असा रुतलेला पट्टा घरी ओढून किंवा कापून काढू नये. ते काम भूल देऊन करायचे असते.

गुरांची साखळी कुत्र्याला वापरली जाते, तीही तपासण्यासारखी गोष्ट आहे. तिच्या वजनाने मान सतत खाली ओढली जाते. ओढल्यावर आवळणारी साखळी फिरवताना वापरण्याबद्दलही मतभेद आहेत, बांधून ठेवण्यासाठी तर ती कधीच वापरू नये. खांबाजवळ पीळ पडून दहा फुटांची साखळी दोन फुटांची होते, म्हणून दोन्ही टोकांना फिरती कडी हवी. आणि कठड्याला किंवा कुंपणाच्या भिंतीला लागून कुत्रा बांधलेला असेल तर त्याच दिवशी मालकाच्या कानावर घालावे, कारण फटाक्याला घाबरून किंवा मांजरामागे त्याने पलीकडे उडी घेतली तर तो साखळीला लटकतो आणि त्याला फास बसतो.

आवारात दोन खांबांमध्ये ताणलेल्या तारेवर सरकती कडी लावून तिला दोर बांधणे हा मधला मार्ग आहे. राखणीच्या कुत्र्यासाठी शेतकरी तो आनंदाने स्वीकारतात, कारण कुत्र्याला राखणीचा टापूही मोठा मिळतो.

तपासणी चौथी : अंगाला हात लावून

ही तपासणी मालक समोर असताना आणि कुत्रा शांत असतानाच करावी. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, त्यामुळे घाबरल्यावर त्याच्यापुढे चावणे एवढाच पर्याय उरतो. झिजलेल्या वर्तुळाच्या बाहेर, त्याच्याकडे बाजू करून बसावे, डोळ्यांत रोखून पाहू नये, डोक्यावरून हात नेऊ नये आणि तो स्वतः वास घ्यायला येईपर्यंत थांबावे. आला नाही तर तपासणी तेथेच संपली.

आला तर तीन गोष्टी पाहाव्यात. फासळ्यांवर तळवा फिरवावा. त्या हाताला लागल्या पण वर पातळसे मांस असले तर वजन ठीक आहे. लांब केसांच्या कुत्र्यात ही हाडे डोळ्यांना दिसत नाहीत, हातालाच कळतात. मानेमागची कातडी हलकेच उचलून सोडावी. ती लगेच बसली नाही तर शरीरात पाणी कमी आहे. (म्हाताऱ्या कुत्र्याची कातडी तशीही सैल असते, हे लक्षात घ्यावे.) ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. गोचीड भरलेल्या कुत्र्याच्या हिरड्या फिकट दिसल्या तर बबेसिया किंवा एहर्लिकिया या गोचिडांमुळे होणाऱ्या रक्ताच्या आजारांची शंका घ्यावी. तेव्हा रक्ततपासणीशिवाय इलाज नाही.

घरगुती उपायांनी येथे बरेच नुकसान होते. गोचिडांवर रॉकेल किंवा फिनेल लावू नये, आणि गुरांसाठीचे गोचीडनाशक अंदाजाने ओतू नये. कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते. एखाद-दुसरी गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढता येते. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन ही औषधे कुत्र्याला देऊ नयेत. आणि अनेक दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्यापुढे दयेपोटी भरलेले ताट ठेवू नये. उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न मिळाले की रक्तातल्या फॉस्फरससारख्या क्षारांचे प्रमाण झपाट्याने घसरते आणि तो जेवल्यानंतर मरू शकतो. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा आणि डॉक्टरांना विचारून द्यावे.

तपासणी पाचवी : घराशी बोलणे

दोष बहुतेक वेळा येथेच सापडतो. बोलायला एकट्याने जावे, शक्यतो घरातल्या ज्या व्यक्तीशी आधीपासून बोलणे आहे तिच्याकडे. 'तुम्ही कुत्र्याचे हाल करता' या वाक्याने दार बंद होते आणि पुन्हा उघडत नाही. 'वहिनी, मोती दोन दिवस लंगडतोय असं वाटलं, नखं वाढलीत का बघू या का?' किंवा 'काका, दुपारी त्याच्यावर ऊन येतं, साखळी पलीकडच्या खांबाला लावली तर?' अशा एखाद्या छोट्या, आजच होण्यासारख्या गोष्टीने सुरुवात करावी.

मग सहज विचारावे, 'याचं लसीचं पुस्तक कोणाकडे असतं?' माझ्या अनुभवात या एका प्रश्नाइतकी अचूक तपासणी दुसरी नाही. एखाद्या व्यक्तीने उठून कपाटातून ती पुस्तिका आणली तर त्या घरात कुत्र्याला जबाबदार माणूस आहे, आणि अडचण बहुधा वेळेची, पैशाची किंवा माहितीची आहे. तिच्यावर उपाय असतो. 'ते दादाला माहीत', 'बाबा बघायचे ते' अशी उत्तरे आली आणि दादा पुण्याला होस्टेलवर असला किंवा बाबा अंथरुणाला खिळलेले असले, तर दोष सापडला. आता कुत्र्याचा रोजचा प्रत्येक भाग कोणाकडे आहे हे त्यांनाच बोलू द्यावे : सकाळचे फिरवणे, संध्याकाळचे फिरवणे, पाणी, जेवण, विष्ठा उचलणे, डॉक्टर. साधारणपणे जेवण कोणाकडे तरी असते. फिरवणे कोणाकडेच नसते.

निरनिराळ्या घरांत ही गळती निरनिराळ्या वेळी सुरू होते. मुलाच्या हट्टाने आणलेले पिल्लू आठ-दहा महिन्यांचे झाले की ते अंगावर उड्या मारते, चपला कुरतडते, आणि त्याच सुमारास मुलाचे दहावीचे वर्ष लागते. तेव्हा पहिल्यांदा साखळी येते. घरात बाळ आले की कुत्रा दिवाणखान्यातून गच्चीवर जातो. भाडेकरू घर सोडून जातात आणि कुत्रा घरमालकाच्या गळ्यात पडतो. मळ्यावरच्या कुत्र्याला सालगडी भाकरी टाकतो, गडी बदलला की नव्याला ते कोणी सांगितलेले नसते. बंगल्याच्या मालकाला वाटते रखवालदार पाहतो, रखवालदाराला वाटते ते आपल्या पगारात नाही. यापैकी काय घडले आहे ते कळले की उपायही तसाच निवडता येतो : रखवालदाराशी रोजच्या कामाचे वेगळे पैसे ठरवणे, शेजारच्या कॉलेजच्या मुलाला संध्याकाळी फिरवायला सांगणे, आजोबांना जमेल असा छोटा फेरा ठेवून दुसरा फेरा सुनेकडे देणे.

घरच्यांनी स्वीकारायची किमान कामे अशी. रोज दोनदा बाहेर नेणे, आणि त्यापैकी एकदा तरी अर्धा तास चालवणे. सुमारे तीन महिन्यांच्या वयापासून रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी तिची मात्रा. डिस्टेम्पर, पार्व्हो आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजारांसाठीची एकत्रित लस डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने. साधारण तीन महिन्यांनी जंतांचे औषध आणि गोचिडांवरचे औषध नियमित. पिल्ले वाढवण्याचा विचार नसेल तर नसबंदी. मुंबई-पुण्यासारख्या महानगरपालिकांच्या हद्दीत कुत्रा पाळण्याचा परवाना लागतो, तोही काढून घ्यावा. या कामांपुढे एका माणसाचे नाव आणि तो गावाला गेल्यावर पाहणाऱ्या दुसऱ्याचे नाव लिहून कागद फ्रिजवर लावायला सांगावा. हे पोरकट वाटते, पण ज्या घरांनी ते केले तेथे मला पुन्हा जावे लागलेले नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती करण्याचा मोह सर्वांनाच होतो. मालकाच्या नकळत भिंतीवरून रोज पोळ्या टाकू नयेत. कुत्रा मरणार नाही एवढे आपण करतो आणि नेमके त्यामुळे घरच्यांची 'कोणीतरी पाहतेच' ही समजूत पक्की होते. शिवाय त्याला काही बाधले तर आळ आपल्यावर येतो. कुत्रा खरोखर उपाशी असेल तर उघडपणे, सांगून द्यावे आणि दिल्याची नोंद ठेवावी.

तपासणी सहावी : सोसायटी किंवा ग्रामपंचायतीचे पत्र

बोलूनही काही आठवड्यांत फरक पडला नाही तर सोसायटीच्या कमिटीकडून, किंवा गावात ग्रामपंचायतीकडून, लेखी पत्र द्यावे. पत्रात 'कुत्रा हटवा' असे लिहू नये. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि दुसरे, जास्त महत्त्वाचे कारण असे की हटवण्याचा दबाव आला की कुत्रा एका रात्री घाटात, ढाब्यापाशी किंवा मार्केट यार्डात सोडला जातो. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावरच्या टोळीत जागा मिळत नाही. म्हणून पत्रात पाणी, सावली, साखळीची लांबी, फिरवणे आणि पशुवैद्यकाची तपासणी एवढ्याच मागण्या तारखेसह लिहाव्यात. याच कारणाने मालकाचे नाव-पत्ता टाकून समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकू नये.

तपासणी सातवी : कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा हा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खाजगी विधेयकाच्या पाठपुराव्यातून आला. त्याच्या कलम ११ (१) मध्ये या लेखातली जवळजवळ सगळी लक्षणे गुन्हा म्हणून लिहिलेली आहेत : अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे (खंड च), नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने व्यायाम न देणे (खंड छ), पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे (खंड ज), आणि उपासमार होईल अशा रीतीने सोडून देणे (खंड झ). इंग्रजी प्रतीत हे खंड एफ, जी, एच आणि आय असे दिसतील. व्यायाम न देणे हाही कायद्याने गुन्हा आहे, हे ऐकून बहुतेक मालक खरोखर चकित होतात.

मात्र या मार्गाच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. हे चारही गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस नोंद घेतात, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. ही नोंद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार होते आणि तिची प्रत मागून घ्यावी. १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी लिहिलेला दंड १० ते ५० रुपये आहे. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर तो दाखल करता येत नाही (कलम ३६), म्हणून जुन्या छायाचित्रांवर विसंबून चालत नाही. वहीतल्या तारखांचे महत्त्व येथे कळते. दुसऱ्या बाजूला, कलम ३४ नुसार शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी प्राणी ताब्यात घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यासमोर तपासणीसाठी नेऊ शकतो. अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करावा, कारण ठाण्यात ते सर्वांना पाठ नसते. अर्जाची एक प्रत जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला आणि एक जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना द्यावी.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

कुंपण ओलांडून साखळी तोडणे आणि कुत्रा घेऊन जाणे ही सीमा कितीही चीड आली तरी ओलांडू नये. कायद्याच्या दृष्टीने कुत्रा ही मालकाची जंगम मालमत्ता आहे, त्यामुळे आत शिरणे हा अतिक्रमणाचा आणि त्याला नेणे हा चोरीचा गुन्हा ठरू शकतो.

पुढील परिस्थितीत वरचा सगळा क्रम सोडून त्याच तासाला मालकाला घेऊन पशुवैद्यकाकडे जावे : कुत्रा उठू शकत नाही, हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा विटकरी लाल आहेत, जखमेत अळ्या आहेत किंवा पट्टा रुतला आहे, लघवी कॉफीच्या रंगाची आहे, पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि उलट्या आहेत, किंवा कुत्रा उन्हात धापा टाकत लाळ गाळत लटपटतो आहे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि १०५च्या वर गेले की तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्याला सावलीत आणून अंगावर, विशेषतः पोट, जांघा आणि पंजांवर, नळाचे साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि मग वाहनात घालावे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये. गावात तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मुंबईत परळचे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, आणि परळ, नागपूर, शिरवळ, परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

लस न दिलेला कुत्रा अचानक विनाकारण चावू लागला, त्याचा आवाज घोगरा झाला, खालचा जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली किंवा चाल अडखळू लागली, तर त्याच्याजवळ जाऊ नये आणि कोणाला जाऊ देऊ नये. तोंडात काही अडकले असेल म्हणून हात घालण्याची चूक येथेच होते. पशुवैद्यकाला आणि स्थानिक आरोग्य विभागाला कळवावे. 'तो पाणी पितो, म्हणजे पिसाळलेला नाही' ही समजूत चुकीची आहे. पाण्याची भीती हे माणसातल्या रेबीजचे लक्षण आहे. चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली असेल तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. लक्षणे सुरू झाल्यानंतर रेबीजवर उपचार नाही.

विष घालणे, मुद्दाम जखमी करणे किंवा ठार मारणे असे काही दिसले तर सोसायटीच्या पत्राची वाट पाहू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली तो दखलपात्र गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि ११२ला दूरध्वनी करणे योग्य ठरते.

सुटल्यानंतर पुन्हा

ही समस्या उलटते ती ठरावीक वेळी : मे महिन्याची सुट्टी, गणपतीत गावी जाणे, दिवाळी, परीक्षा, बदली. या प्रत्येक वेळेच्या आठवडाभर आधी 'या वेळी मोतीकडे कोण बघणार?' एवढे विचारावे. उत्तरात नाव आले तर काळजी नाही. 'बघू' असे उत्तर आले तर कुत्र्यांची सोय करणाऱ्या जवळच्या केंद्राचा पत्ता किंवा स्वतःचे दोन दिवस देऊ करावेत.

काही घरांत कोणाचेच नाव येत नाही, आणि ते त्यांना स्वतःलाही कळलेले असते. तेव्हा कुत्रा दुसऱ्या घरी देण्याचा विषय आपणच काढावा. तो ऐकून सुटल्यासारखे वाटणारी माणसे पुष्कळ असतात. घाईने, फुकट आणि पहिल्या मागणाऱ्याला देऊ नये. आधी पशुवैद्यकाकडून तपासणी, लस आणि नसबंदी करून घ्यावी, नव्या घरी जाऊन जागा आणि माणसे पाहावीत, पंधरा दिवस चाचणी म्हणून ठेवून पाहावा, आणि मग साध्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्यांनी हस्तांतर लिहावे. त्या कागदाबरोबर लसीची पुस्तिका द्यावी, आणि परवाना असेल तर तो नव्या मालकाच्या नावाने करून घ्यावा.